अडवलेले वाचन

धाकटीने इन्क्युबेटरचे दार उघडले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटे झाली होती. अकरापासून ती त्या दारासमोर येरझाऱ्या घालत होती, पण मिनिटभरही आधी तिने कडीला हात लावला नव्हता. चोवीस तास म्हणजे चोवीस तास. तिने पाचही प्लेटा बाहेर काढल्या, दिव्याखाली ओळीने मांडल्या आणि पेनाच्या टोकाने जंतूंचे ठिपके मोजायला लागली.

पहिली प्लेट टेकडीवरच्या टाकीतल्या पाण्याची. शून्य. दुसरी टाकीतून निघणाऱ्या वाहिनीची. शून्य. तिसरी आणि चौथी वाटेतल्या दोन जोडांवरच्या पाण्याची, तीही कोरी. पाचवी बाजारचौकाखालच्या जोडाची, जिथे पाण्याची जुनी वाहिनी गटाराला अगदी चिकटून जाते. तिच्यावर गोवर उठावा तसे निळे ठिपके उठले होते. धाकटीने ते दोनदा मोजले. एकदा सत्तेचाळीस भरले, एकदा अठ्ठेचाळीस. दोन ठिपके चिकटलेत की एकच वाकडा आहे हे ठरेना, म्हणून तिने भिंग आणले.

"अगं, एक असता तरी पाणी पिण्याच्या लायकीचं नाहीच," मोठ्या बाई मागून म्हणाल्या. प्रयोगशाळा त्यांच्या ताब्यात होती आणि प्रत्येक अहवालावर शेवटची सही त्यांची असे.

"सत्तेचाळीस," धाकटी म्हणाली. "बाई, टाकी स्वच्छ आहे. घाण चौकात शिरते आहे. टाकीत कोणी काही टाकलेलं नाही."

"दिसतंय मला."

त्यांनी पाचवी प्लेट उचलून उजेडात धरली, पुन्हा खाली ठेवली आणि चष्मा पुसायला घेतला. त्या चष्मा पुसायला लागल्या की पुढे काय येणार हे धाकटीला दोन वर्षांत पाठ झाले होते.

सोमवारी शहरातली मुले उलट्या-जुलाबांनी आजारी पडायला लागली होती. मंगळवारी सकाळी कोणीतरी फोनवर चार ओळी पाठवल्या: टाकीवाल्याने टाकीत काहीतरी ओतले, कोणाच्या सांगण्यावरून ते तुम्हीच ओळखा. टाकीवाला म्हणजे टाकीचा राखणदार. तो टेकडीपलीकडच्या वस्तीत राहत असे आणि त्या वस्तीचा धर्म वेगळा होता. रविवारी नगराध्यक्षपदासाठी मतदान होते, आणि उभ्या राहिलेल्या दोघांपैकी एक त्याच वस्तीतले, त्याच धर्माचे निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यामुळे कोणाला फार डोके चालवावे लागले नाही. संध्याकाळपर्यंत चार ओळींच्या चौदा झाल्या. 'काहीतरी' जाऊन तिथे एका विषाचे नाव आले होते, जे धाकटीने रसायनशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात पाहिले नव्हते. बुधवारी टाकीवाल्याच्या घराच्या काचा फुटल्या. गुरुवारी पहाटे तो बायकोमुलांना घेऊन निघून गेला. अर्ज, परवानगी आणि बाटल्या यांचा मेळ बसून पाण्याचे नमुने घेतले गेले, तेही गुरुवारीच.

दुसरा उमेदवार धाकटीचा सख्खा मामा होता.

"चौकातली वाहिनी आज दुपारीच बंद करायला सांगते," मोठ्या बाई म्हणाल्या. "दुरुस्तीचं पत्र जाईल. कारण लिहायचं नाही. अहवालावर सोमवारी सही करते."

"सोमवारी? मतदान रविवारी आहे."

"म्हणूनच. आज हा कागद बाहेर गेला तर उद्या कोणीतरी म्हणणार की नगरपालिकेने प्रचार केला. मला अजून चार वर्षं नोकरी करायची आहे. तुला तर तीस."

"पण कारण न सांगता पाणी बंद केलं तर लोक म्हणतील, बघा, काहीतरी होतंच."

मोठ्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुझ्या मामाला फायदाच आहे ना त्यात?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हते की ही पोरगी कशासाठी तडफडते आहे.

बाहेर पायरीवर फिटर बसला होता. नमुन्यांच्या बाटल्या त्यानेच आणल्या होत्या. तो टाकीवाल्याच्या बहिणीचा नवरा.

"ताई, निघालं का काही?"

"टाकी स्वच्छ आहे."

"ते मला माहीत होतं. त्या टाकीचं पाणी पिऊन मोठा झालो, वर राखणदाराचीच बहीण केली. दोन्हीतून वाचलोय." तो हसला, मग हसायचा थांबला. "तुमच्या मशीनला चोवीस तास लागतात. त्या मेसेजला जिना चढायलासुद्धा वेळ लागला नाही. कागद कधी मिळेल?"

"सोमवारी."

त्याने मान हलवली. बाटल्यांची रिकामी पेटी त्याने खांद्यावर घेतली तेव्हा ती म्हणाली, "मी बघते," आणि काय बघणार हे तिचे तिलाच सांगता आले नसते.

*

मामा दातांचा डॉक्टर होता. अर्ध्या शहराच्या तोंडात माझा हात जाऊन आलाय, मते मागताना वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही, असे तो प्रत्येक सभेत सांगायचा आणि लोक प्रत्येक वेळी हसायचे. त्याच्या दवाखान्यातली थांबायची खोली महिनाभर प्रचाराचे कार्यालय झाली होती. दातांच्या चित्रांखाली पत्रकांचे गठ्ठे होते. खिडकीपाशी नवा फलक सुकायला ठेवला होता: पाणी राखायला आपला माणूस.

"ये, मोजपट्टी," मामा म्हणाला. लहानपणी तिने त्याच्या लग्नाच्या पंगतीत दोन खुर्च्यांमधले अंतर मोजले होते, तेव्हापासूनचे हे नाव. "दमलेली दिसतेस. बस."

ती बसली नाही. प्लेटांचे सगळे आकडे तिने उभ्याउभ्याच सांगितले. टेबलावर प्लास्टरचा एक जबडा होता. बोलताना ती तो उघडत-मिटत राहिली. मामाने तो हळूच तिच्या हातातून काढून घेतला आणि कपाटावर ठेवला.

"चांगलं झालं," तो म्हणाला. "म्हणजे तो गरीब माणूस सुटला. सोमवारी अहवाल आला की मी स्वतः जाऊन त्याला टाकीवर परत बसवीन. निवडून आलेला माणूस हे करू शकतो. पडलेला नाही करू शकत."

"आणि हे?" तिने फलकाकडे बोट दाखवले.

"पोरांनी केलंय. कोणाचं नाव नाही, गाव नाही. पाणी राखायचं म्हटलं तर काय बिघडलं?"

"तो मेसेज आपलीच माणसं पुढे पाठवतात का?"

"मी विचारलं नाही."

"विचार की."

"विचारलं तर कळेल," मामा म्हणाला. मग स्वतःच्याच वाक्याची लाज वाटल्यासारखा तो खुर्ची सरकवून उठला.

शेजारच्या खोलीत दोघे जण पत्रकांना घड्या घालत होते. त्याने मधले दार लोटले.

"विहिरीत विष टाकल्याचा आळ आधी कोणावर आला होता, मामा?" धाकटी म्हणाली. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्याच धड्यात तिने ते वाचले होते. साडेसहाशे-सातशे वर्षांपूर्वी प्लेगने गावेच्या गावे ओस पडली, तेव्हा ज्यूंनी विहिरी बाटवल्या असा आळ घेऊन त्यांना घरादारांसकट जाळले. त्या रोगाचा जंतू सापडायला पुढे पाच-साडेपाच शतके लागली. वर्गात शिक्षिका त्या परिच्छेदावरून पटकन पुढे गेल्या होत्या. धाकटीला मात्र पान आठवत होते, पानावरची जागासुद्धा.

"हे मला तुझ्या आजोबांनी तू जन्मायच्या आधी सांगितलंय. शिकवू नकोस." मामाचा आवाज चढला नाही. "म्हणूनच मी एक शब्द काढलेला नाही. एका तरी सभेत मी त्याच्याबद्दल बोललो का? त्या मुख्याध्यापकांबद्दल? नाही ना?"

"नाही."

"मग? अगं, शहरात आपली तेवीस घरं. आपल्यातला आजवर कोणी उभासुद्धा राहिला नव्हता. मला मतं द्यायची ती बाकीच्यांनी. उद्या मी उठून टेकडीपलीकडच्यांची कड घेतली, की लोक म्हणणार, हे दोघे आतून एकच. मग पुढच्या मेसेजात टाकीवाल्याच्या शेजारी कोण असेल? आधी तुझी आई. मग तू. पाणी तपासणारी ज्यू आहे म्हणतील, उमेदवाराची भाची आहे म्हणतील. तेव्हा कुठली प्लेट दाखवशील?"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते, आणि तेच तिला टोचत राहिले. ती निघाली तेव्हा मामाने दारापर्यंत येऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "सकाळी सिनेगॉगमध्ये ये. उद्या तोराच्या वाचनाला मला बोलावणार आहेत. तुझ्या आईला बरं वाटेल."

*

घरी आईने टेबलावर पांढरा कपडा घातला होता. सूर्य बुडायच्या आत दोघींचे फोन खणात गेले. आता उद्या तारे दिसेपर्यंत लिहिणे नाही, फोन नाही, घराबाहेर काही उचलून नेणे नाही. एरवी धाकटीला शब्बाथची, शनिवारच्या विसाव्याची, ही शांतता आवडायची. आज ती खणापाशी जाऊन उभी राहिली, परत आली, पाणी प्यायला उठली आणि न पिताच बसली.

"चौकातलं पाणी बंद झालं," आई मेणबत्त्या सारख्या करत म्हणाली. "समोरची म्हणत होती, विष फारच खोलवर गेलं असणार."

"गटाराचं पाणी शिरतंय, आई. मी मोजलंय."

"असेल."

"असेल नाही. आहे."

आईने काडी ओढली आणि दोन्ही वाती पेटवल्या. डोळ्यांवर हात ठेवून तिने पुटपुटत प्रार्थना म्हटली. हात खाली घेतल्यावर म्हणाली, "दादाने मला फोन केला होता. तू त्याला काय विचारलंस ते सांगितलं. खूप लागलं त्याला."

"लागू दे."

"बोलायला सोपं आहे. मी शाळेत होते तेव्हा आमच्याबद्दल काय काय बोलायचे, ते तुम्हा दोघी बहिणींना मी कधी सांगितलं नाही. मुद्दामच नाही सांगितलं. या खेपेला ते आपल्याबद्दल नाही, एवढ्यावर समाधान मान. दोन दिवसांचा प्रश्न आहे."

धाकटी ज्योतींकडे बघत राहिली. टाकीवाल्याची मुले आत्ता कुठल्या खोलीत बसली असतील, आणि त्यांनाही कोणी दोन दिवसांचा प्रश्न आहे असे सांगत असेल का, हा विचार तिच्या डोक्यात आला तो जाईना.

*

बाजारामागच्या गल्लीतली उंच छताची एक साधी खोली म्हणजे सिनेगॉग. मधोमध तीन पायऱ्यांचा लाकडी ओटा, त्यावर वाचनाचे उतरते टेबल. उजव्या हाताला कमरेएवढा कठडा आणि त्यापलीकडे बायकांची बाके. त्या शनिवारी तीस-पस्तीस माणसे होती, एरवीच्या दुप्पट. मामा वाचनाला उभा राहणार म्हणून घरोघरची मंडळी आली होती.

वाचकआजोबांनी तोराची, म्हणजे धर्मग्रंथाची, गुंडाळी कपाटातून आणून टेबलावर ठेवली. नात्याने ते कोणाचेच आजोबा नव्हते आणि वयाने सगळ्यांचे होते. त्यांनी मामाला बोलावले. मामा खांद्यांवरची पांढरी शाल सावरत ओटा चढला आणि टेबलाच्या बाजूला उभा राहिला. आजोबा गुंडाळीच्या आवरणाची गाठ सोडू लागले.

धाकटी उठली.

"कुठे?" आईने तिची बाही धरली.

"इथेच."

कठड्याची फळी उचलून ती पलीकडे गेली. घरातून निघताना तिने असे काही ठरवले नव्हते; रात्रभर कूस बदलताना तिने दहा गोष्टी ठरवल्या होत्या आणि ही त्यांत नव्हती. ओट्याच्या तीन पायऱ्या चढून तिने टेबलाच्या कडेवर हात ठेवला.

"काय गं?" वाचकआजोबा म्हणाले. "बरं वाटत नाही का?"

"बरी आहे मी. आजोबा, वाचू नका."

मागे कोणीतरी हसले. आजोबा हसले नाहीत. त्यांनी आधी तिच्या हाताकडे पाहिले, मग तिच्याकडे.

"वाचन अडवतेस?"

"हो."

ज्यूंमधला हा फार जुना रिवाज. ज्याच्यावर अन्याय झाला आणि ज्याचे कोणी ऐकून घेत नाही, त्याने शनिवारी वाचनाच्या वेळी पुढे यावे आणि वाचन अडवावे. त्याचे गाऱ्हाणे ऐकून त्याला उत्तर मिळेपर्यंत गुंडाळी उघडायची नाही. या खोलीत तसे शेवटचे घडले त्याला एकेचाळीस वर्षे झाली होती. नवरा नांदवतही नव्हता आणि काडीमोडही देत नव्हता, अशी एक बाई हाच कठडा ओलांडून आली होती. नवऱ्याने सगळ्यांदेखत हो म्हणेपर्यंत दुपार टळून गेली होती. तेव्हाच्या माणसांपैकी आता वाचकआजोबाच उरले होते. बाकीच्यांनी फक्त ऐकले होते आणि हे आता कोणी करत नाही असे धरून चालले होते.

"सांग," आजोबा म्हणाले.

तिच्याजवळ कागद नव्हता. कागद अजून झालाच नव्हता, आणि असता तरी आज तो गल्लीतून आणता आला नसता. तिने तोंडीच सांगितले. टाकीत शून्य. वाहिनीत शून्य. दोन जोडांवर शून्य. चौकातल्या जोडावर सत्तेचाळीस, आणि ते गटारातून आलेले. चौकातला आकडा तिने पुन्हा एकदा सांगितला.

"हे निवडणुकीचं झालं," तिसऱ्या बाकावरून एक जण म्हणाला. "बाहेर बोल ना, बाई. मैदान आहे, भोंगे आहेत."

"गाऱ्हाणं आहे की भाषण?" आजोबांनी विचारले.

"गाऱ्हाणं."

"कोणाचं?"

"टाकीवाल्याचं. त्याच्यावर खोटा आळ घेतलाय. त्याचं घर फोडलंय."

"तो आपल्यातला नाही."

"म्हणून तर त्याला इथे येऊन अडवता येत नाही, आजोबा."

नियमात बसते का हे आजोबा मनातल्या मनात चाचपत असावेत. "आणि कोणाविरुद्ध?"

धाकटीने कठड्याकडे पाहिले नाही. तिकडे आई होती.

"मामाविरुद्ध."

मामा शालीचे टोक बोटाभोवती गुंडाळत होता. "मी त्या माणसाविरुद्ध एक शब्द काढलेला नाही," तो म्हणाला. "इथे बसलेल्या कोणालाही विचारा."

"हेच गाऱ्हाणं आहे," धाकटी म्हणाली.

बाके करकरली. कोणी 'लाज वाटत नाही' म्हणाले, कोणी 'बोलू दे' म्हणाले, आणि दोन्ही आवाज एकाच घरातले निघाले. वाचकआजोबांनी टेबलावर दोन वेळा टिचकी मारली.

"गाऱ्हाणं नाव घेऊन करायचं असतं," ते म्हणाले. "टाकीवाला हे काम झालं. माणसाचं नाव सांग."

धाकटीने तोंड उघडले.

चौकातला जोड जमिनीखाली किती फूट आहे हे तिला माहीत होते. वाहिनीचा व्यास माहीत होता, ती कोणत्या साली टाकली ते माहीत होते. पाच दिवस ती त्या माणसाची बाजू घेऊन बोलत होती, मोठ्या बाईंशी, मामाशी, आईशी, आणि पाचही दिवस ती त्याला टाकीवाला म्हणत होती. मेसेजमध्येही तेच लिहिले होते. फिटरला विचारायला एक क्षण लागला असता.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"नावसुद्धा माहीत नाही," तिसऱ्या बाकावरचा म्हणाला, "आणि चालली न्याय मागायला."

वाचकआजोबा तिच्याकडे वळले. त्यांना ती आवडत होती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते, आणि त्याचा उपयोग नव्हता हेही दिसत होते. "नाव नसेल तर मला वाचावं लागेल, बाळ," ते म्हणाले. "हात काढ."

तिने हात काढला नाही. आजोबांची बोटे पुन्हा आवरणाच्या गाठीकडे गेली.

तेव्हा मामाने नाव सांगितले.

हळू सांगितले, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेले. आधी त्या माणसाचे नाव, मग अमक्याचा मुलगा म्हणून त्याच्या बापाचे. या ओट्यावर वाचनाला बोलावताना माणसाचे नाव असेच घेतात. मामाला ते आठवावे लागले नाही.

वाचकआजोबांनी ते नाव एकदा स्वतःशी म्हणून पाहिले. अनोळखी नाव होते, त्यांच्या जिभेवर ते नीट बसायला वेळ लागला. मग त्यांनी गाठीवरचा हात काढून घेतला, ओट्यावरचे लाकडी स्टूल ओढले आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसले.

"तुझ्या बाजूने काय ते बोल," ते मामाला म्हणाले. "दुपारपर्यंत वेळ आहे आपल्याला."

मामाने खोलीभर नजर फिरवली. आपली माणसे, आपले मतदार, कठड्यापलीकडे उभी राहिलेली बहीण. त्याने बोलायला श्वास घेतला, आणि सोडला. धाकटी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. आता ती टेबलाला रेलली. मामाच्या ते लक्षात आले असावे, कारण तो थोडा सरकला आणि त्याने तिला जागा करून दिली. ओट्यावरून मात्र तो खाली उतरला नाही.